कार्कासोनचा कोट कसा पाहावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुलूझला राहायला आल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी कार्कासोनला नेते. आई, दोन मावश्या, नवऱ्याचे मित्र, त्यांची मुलं अशा सगळ्यांना घेऊन माझ्या तिथे इतक्या खेपा झाल्या की आता नकाशा लागत नाही. पहिली खेप मात्र वाया गेली होती. ऑगस्ट महिना, भर दुपार. गर्दीबरोबर पुढच्या दरवाज्यातून आत शिरले, दुकानांच्या गल्लीत दोन तास फिरले, आइस्क्रीम खाल्लं आणि परत आले. कोट पाहिलाच नाही.

तो दाखवला आमच्या बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी. त्यांची चाळीस वर्षं सह्याद्रीतले गड चढण्यात गेली. फ्रेंचचा एक शब्द येत नाही. दरवाज्यासमोर उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "अगं, इथे पाणी कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की या गावाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस त्या एका प्रश्नावरच फिरला होता. तेव्हापासून मी पाहुण्यांना कार्कासोन गड पाहावा तसं दाखवते: आधी लांबून, मग भोवतीने, मग आतून. तोच क्रम इथे देते आहे.

आधी हे लक्षात घ्या: गावं दोन आहेत

कार्कासोन दक्षिण फ्रान्समध्ये, ओद नदीच्या काठी आहे. नदीच्या उजव्या तीरावर टेकडीवर तटबंदीचं जुनं गाव आहे, त्याला सिते म्हणतात. फोटोत दिसतं ते हेच. डाव्या तीरावर सपाटीला दुसरं गाव आहे, बास्तीद सँ-लुई. रेल्वे स्टेशन, बाजार, बँका, शाळा, रोजचं जगणं सगळं तिथे. नवखी माणसं स्टेशनवर उतरतात, समोर साधे रस्ते पाहतात आणि चुकीच्या गावी आलो की काय म्हणून घाबरतात. घाबरू नका, सिते तिथून चालत अर्ध्या तासावर आहे.

"नवं गाव" म्हटलं तरी बास्तीदही तेराव्या शतकातली आहे. सितेच्या तटाला लागून पूर्वी वस्त्या होत्या. १२४० मध्ये जुन्या सरदार घराण्याच्या वारसाने सिते परत घ्यायचा प्रयत्न केला आणि वस्तीतल्या लोकांनी त्याला साथ दिली. तो हरला. राजाने वस्त्या उठवल्या आणि काही वर्षांनी, १२४७ च्या सुमारास, लोकांना नदीपलीकडे गाव वसवायची परवानगी दिली. हा राजा नववा लुई, ज्याला पुढे संत मानलं गेलं. बास्तीदचे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात ते ती आखून वसवली म्हणून.

कधी जायचं, किती वेळ ठेवायचा

मे, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पस्तीस अंशांच्या वर जातं, दगड तापतो आणि मुख्य गल्लीत खांद्याला खांदा लागतो. मुलांच्या सुट्ट्यांमुळे तेव्हाच जावं लागत असेल, तर सकाळी नऊच्या आत सितेत पोचा किंवा संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ नदीकाठी काढा.

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. त्या रात्री सितेच्या तटावरून आतषबाजी होते आणि पाहायला प्रचंड गर्दी लोटते. दृश्य विलक्षण असतं, पण कोट पाहण्यासाठी तो दिवस निवडू नका.

हिवाळा मला स्वतःला आवडतो. हवा स्वच्छ असली की तटावरून दक्षिणेला पिरेनीजची बर्फाची रांग दिसते. मात्र वारा विचारात घ्या. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे सेर्स म्हणतात, समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्याला मारँ. सेर्स सुटला की छत्रीचा उपयोग नाही. कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट हवं.

सितेला एक पूर्ण दिवस द्या. तुलूझहून सकाळी येऊन रात्री परतता येतं, पण जमत असेल तर एक मुक्काम करा. त्याचं कारण शेवटी सांगते.

पोचायचं कसं

तुलूझच्या माताबियो स्टेशनवरून रेल्वेने पाऊण ते एक तास. नार्बोनहून साधारण अर्धा तास. बार्सेलोनाहून येणाऱ्यांनी नार्बोनला गाडी बदलायची. पॅरिसहून येत असाल तर पाच-साडेपाच तास धरा आणि एका दिवसात जाऊन येण्याचा विचार सोडून द्या. जवळचं मोठं विमानतळ तुलूझचं. कार्कासोनला छोटं विमानतळ आहे, तिथे युरोपातल्या काही शहरांतून स्वस्त विमानं येतात.

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तेवढं पाहून घ्या.

गाडीने आलात तर सितेच्या पूर्वेच्या मोठ्या दरवाज्यासमोर, म्हणजे नार्बोन दरवाज्यासमोर, पैसे देऊन गाडी लावायची जागा आहे. तरी माझं सांगणं असं की शक्य तर रेल्वेनेच या, कारण पायी येणाऱ्याला कोट पश्चिमेकडून, नदीपलीकडून पहिल्यांदा दिसतो. तो तसाच दिसायला हवा.

स्टेशन ते जुना पूल

स्टेशनच्या दारातच कालवा आहे. हा कानाल द्यू मिदी. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ ते १६८१ या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा हा जलमार्ग खोदवला. काठावरची चिनाराच्या जातीची जुनी झाडं एका बुरशीच्या रोगाने गेली, हजारो तोडावी लागली, आता नवी लावत आहेत. पूल ओलांडून सरळ बास्तीदच्या मुख्य रस्त्याला लागा.

दहा मिनिटांत कार्नो चौक येतो, मध्ये नेपच्यूनचं कारंजं. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी इथे भाजीबाजार भरतो. पीच, जर्दाळू, टोमॅटो, ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज. दुपारचं खाणं इथेच घेऊन ठेवा, विशेषतः शाकाहारी असाल तर.

चौकातून पूर्वेला नदीकडे निघा. तिथे दोन पूल आहेत. मोटारींच्या नव्या पुलावरून जाऊ नका. चौदाव्या शतकातला दगडी कमानींचा जुना पूल फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर या आणि मध्यावर थांबा. समोर टेकडीवर सगळा कोट उलगडतो: खाली तट, वर तट, त्यामागून सुळक्यासारखी छपरं. बाबा इथे दहा मिनिटं काही न बोलता उभे होते. मग म्हणाले, "चढ पश्चिमेला आहे, म्हणजे शत्रू पूर्वेकडून येणार. मोठा दरवाजा पूर्वेलाच असला पाहिजे." तसंच आहे. पूर्वेची बाजू जवळपास सपाट आहे, म्हणून सगळ्यात भक्कम बांधकाम तिकडे.

ओद दरवाज्याने आत शिरा

पूल संपला की बहुतेक लोक सरळ नार्बोन दरवाज्याकडे जातात. तुम्ही उजवीकडे बार्बाकान गल्लीत वळा. सँ-जिमेर नावाचं चर्च लागेल. नदीपर्यंत उतरणारा एक मोठा गोल बाह्यबुरूज या जागी होता. तो १८१६ मध्ये पाडला गेला आणि नंतर तिथे हे चर्च उभं राहिलं. चर्चच्या बाजूने दगडी चढ वर जातो.

हा चढ सावकाश चढा. आपल्याकडच्या गोमुखी दरवाज्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना पायाखालचा रस्ता लगेच ओळखू येईल. वाट सरळ दाराशी जात नाही. वळते, तटाच्या अंगाअंगाने जाते, पुन्हा वळते, आणि दर वळणावर वरून कोणीतरी तुमच्यावर नेम धरू शकेल अशी जागा आहे. ओंडका घेऊन धावत येऊन दार फोडायला सरळ अंतरच मिळत नाही. रायगडाच्या महादरवाज्यात हेच तत्त्व वापरलं आहे. दोन्हीकडचे गवंडी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण हल्ला करणारी माणसं सगळीकडे सारखीच.

पायात पकड असलेले बूट हवेत. दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसात फार घसरतात. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची या बाजूने नेता येणार नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी टॅक्सीने वर नार्बोन दरवाज्यापर्यंत यावं. तिथून आत चढ कमी आहे, फरसबंदी मात्र तिथेही खडबडीत आहे.

आता आत जाऊ नका, प्रदक्षिणा घाला

ओद दरवाज्याचा बाहेरचा तट ओलांडला की तुम्ही दोन तटांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात येता. फ्रेंचमध्ये याला लीस म्हणतात. राजगडाच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी पाहिली असेल तर कल्पना करायला सोपं जाईल, फक्त इथे दोन तटांमधली जागा रुंद आहे. डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळा आणि आतला तट उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी मारा. तासभर लागतो. याला तिकीट नाही, गर्दी जवळपास नाही, आणि अख्ख्या कार्कासोनमधला सगळ्यात मोलाचा तास हाच आहे.

दोन्ही तटांची लांबी मिळून सुमारे तीन किलोमीटर आणि बुरूज ५२. पण आकडे सोडा, दगड पाहा. तीन काळ डोळ्यांनी वेगळे काढता येतात, एकदा खूण कळली की लहान मुलंही काढतात.

पहिली खूण: छोटे, ओबडधोबड चौकोनी दगड आणि मधेमधे विटांचे आडवे पट्टे. हे रोमन काम, तिसऱ्या-चौथ्या शतकातलं. उत्तरेच्या बाजूला आतल्या तटात ठळक दिसतं. इथले बुरूजही वेगळे, बाहेरून गोल आणि आतून सपाट, घोड्याच्या नालेसारखे. रोमनांनंतर व्हिसिगॉथ आले, आठव्या शतकात स्पेनकडून मुस्लिम फौज आली, मग फ्रँक आले. सगळे याच तटामागे राहिले.

दुसरी खूण: बाहेरचा तट. नीट घडवलेले दगड, साधं आणि एकसारखं काम. हा तेराव्या शतकातला, नवव्या लुईच्या काळातला. बाहेरचे बरेच बुरूज आतल्या बाजूने उघडे आहेत. ते अर्धवट राहिलेले नाहीत. शत्रूने बाहेरचा बुरूज घेतला तरी त्याला पाठीमागे आडोसा मिळू नये आणि आतल्या तटावरून त्याला टिपता यावं, म्हणून तसे ठेवले.

तिसरी खूण मुलांना सगळ्यात आवडते: कडेने तासलेले आणि मध्ये फुगीर ठेवलेले मोठे दगड. हात फिरवला की उंचवटा लागतो. हे लुईच्या मुलाच्या, तिसऱ्या फिलिपच्या काळातलं (१२७०-१२८५). नार्बोन दरवाज्याचे दोन भव्य बुरूज आणि शेजारचा त्रेझो बुरूज याच दगडांचे.

आता उत्तरेच्या बाजूला एक गंमत शोधा. काही ठिकाणी रोमन काम वर आहे आणि त्याच्या खाली मध्ययुगीन दगड आहेत. जुनं वर, नवं खाली! तेराव्या शतकात दोन तटांमधली जमीन सपाट करण्यासाठी खोदून खाली घेतली, तेव्हा रोमन भिंतीचा पाया उघडा पडला. मग त्याला खालून नव्या दगडांचा आधार द्यावा लागला. हजार वर्षांची भिंत वर तोलून धरून तिच्या पोटाखाली बांधकाम करणाऱ्या त्या गवंड्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तिथे मी दर वेळी थांबते.

पूर्वेला नार्बोन दरवाज्यापाशी आलात की बाहेर एका बाईचा दगडी अर्धपुतळा दिसेल. ही दाम कार्कास. गोष्ट अशी की फ्रँकांचा राजा शार्लमेन याने पाच वर्षं वेढा घातला, आत धान्य संपत आलं, तेव्हा या राणीने उरलेला गहू एका डुकराला खायला घातला आणि डुक्कर तटावरून खाली फेकलं. पोट फुटून गहू सांडला, शत्रूला वाटलं आत जनावरांनाही देण्याइतकं धान्य आहे, आणि वेढा उठला. राणीने आनंदाने घंटा वाजवल्या, म्हणून "कार्कास सोन", कार्कास वाजवते आहे. प्रत्यक्षात शार्लमेनच्या वडिलांच्याच काळात फ्रँकांनी हे गाव घेतलं होतं आणि "कार्कासो" हे नाव रोमन काळापासून आहे. तरीही हिरकणीची गोष्ट सांगितल्याशिवाय रायगड दाखवता येत नाही, तशी ही सांगितल्याशिवाय इथला दरवाजा दाखवता येत नाही. मुलांना जरूर सांगा.

दरवाज्यात न शिरता दक्षिणेकडून फेरी पूर्ण करा आणि ओद दरवाज्यापाशी परत या. आता आत चला.

पाणी

आतल्या गल्ल्यांत एक मोठी विहीर आहे, ग्राँ प्वी. वर दगडी खांब आणि लोखंडी चौकट. लोक फोटो काढून पुढे जातात. तिथे बसा आणि १२०९ सालचा ऑगस्ट आठवा.

त्या काळी इथे त्रांकावेल घराण्याची सत्ता होती आणि या मुलखात कॅथर पंथ पसरला होता. हे लोक स्वतःला भले ख्रिस्ती म्हणवत. जग दुष्ट शक्तीने घडवलं, आत्मा त्यात अडकला आहे, एका देहातून दुसऱ्या देहात फिरतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष मांस, अंडी, दूध खात नसत, मासे मात्र चालत. रोमच्या चर्चला हा पाखंड वाटला आणि पोपने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. उत्तरेकडून फौज आली. २२ जुलैला बेझिए गावात भयंकर कत्तल झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती फौज इथे येऊन ठेपली.

रेमाँ-रोजे त्रांकावेल तेव्हा २४ वर्षांचा होता. तो स्वतः कॅथर नव्हता, पण आपल्या माणसांना त्याने हवाली केलं नाही. बाहेरचा तट तेव्हा नव्हता. बेझिएची बातमी ऐकून आसपासची माणसं, गुरं सगळी आत कोंडली होती. शत्रूने बाहेरच्या वस्त्या घेतल्या आणि नदीकडची वाट तोडली. विहिरी होत्या, पण इतक्या तोंडांना पुरेनात. ऑगस्टचं ऊन, आटलेलं पाणी, रोगराई. दोन आठवड्यांत, १५ ऑगस्टला, गाव शरण गेलं. लोकांना जीवदान मिळालं, पण अंगावरच्या कपड्यांखेरीज काही न घेता बाहेर पडावं लागलं. रेमाँ-रोजे बोलणी करायला गेला तो कैद झाला आणि नोव्हेंबरमध्ये तुरुंगात मेला. त्याची जहागीर सिमाँ द मोंफोर या सरदाराला मिळाली, पुढे राजाकडे गेली. तुम्ही आत्ता ज्याला प्रदक्षिणा घातलीत तो बाहेरचा तट त्यानंतरचा, जिंकणाऱ्यांनी बांधलेला.

हे सगळं मी बाबांना विहिरीपाशी सांगितलं. त्यांनी कठड्यावरून आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तट कितीही चांगला असू दे, गड पाण्यावर लढतो."

शातो कोंताल: तिकीट इथे लागतं

सितेत शिरायला पैसे पडत नाहीत. आतला बालेकिल्ला, म्हणजे शातो कोंताल, आणि तटावरून चालायचा रस्ता यांना तिकीट आहे. आधी ऑनलाइन काढा, म्हणजे उन्हाळ्यातली रांग टळते. दर हंगामानुसार बदलतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाचेच पाहा. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. हिवाळ्यात लवकर बंद होतं, म्हणून दुपारी तीननंतर आत जाऊ नका, पुरेसा वेळ मिळत नाही.

किमान दोन तास ठेवा. बाराव्या शतकात त्रांकावेलांनी बांधायला घेतलेल्या या वाड्याला गावाच्या बाजूनेही खंदक आहे. म्हणजे मालकाला बाहेरच्या शत्रूइतकीच आतल्या बंडाचीही काळजी होती. तटाच्या माथ्यावर बाहेर झुकलेली लाकडी सज्जे पाहा. युद्धकाळात अशी सज्जे बांधून त्यांच्या तळातल्या फटींतून पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दगड टाकत. आहेत ती अर्थात पुन्हा केलेली. तटावर चढलात की उत्तरेला काळा डोंगर, मोंतान्य न्वार, आणि खाली द्राक्षमळे.

आणि इथे तो प्रश्न येतोच: यातलं खरं किती? १६५९ मध्ये फ्रान्स-स्पेन सीमा दक्षिणेला सरकली, कोटाची गरज संपली. लोक तटाचे दगड घरांना नेऊ लागले, दोन तटांच्या मध्ये गरीब विणकरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १८५० च्या सुमारास सरकार तट पाडायला निघालं होतं. क्रो-मेरव्हिएय नावाच्या स्थानिक अभ्यासकाने आणि सरकारी स्मारकांचे निरीक्षक, लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी तो वाचवला, आणि १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांनी जीर्णोद्धार सुरू केला. त्यांच्या मृत्यूनंतरही तो विसाव्या शतकापर्यंत चालला. बुरुजांवर त्यांनी काळ्या स्लेटची टोकदार छपरं चढवली. दक्षिणेत अशी छपरं नसतात, इथे उतरती लाल कौलं असतात, म्हणून टीका झाली आणि अजून होते. नीट पाहिलंत तर काही बुरुजांवर कौलं आणि काहींवर स्लेट दिसेल. तो वाद असा आकाशातच उभा आहे.

भिंतींचा मोठा भाग जुनाच आहे. नवं काम मुख्यतः वर, चर्या (तटाच्या माथ्यावरचा खाचांचा कठडा) आणि छपरांत. माझं मत विचाराल तर छपरं चुकली असतील, पण त्या माणसांनी हात घातला नसता तर आज पाहायला भिंतच नसती. विणकरांची घरं मात्र त्यात गेली, आणि ती कुठे गेली याची खूण लीसमध्ये काही उरली नाही, हे मला लागतं. सितेला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या बारा किल्ल्यांना तो २०२५ मध्ये मिळाला. पडलेला तट कुठवर उभारायचा आणि तिथे राहणाऱ्यांचं काय, हे प्रश्न आता आपल्याही दारात आहेत. त्या नजरेने हा जीर्णोद्धार पाहिलात तर वेगळं खूप दिसेल.

सँ-नाझेर चर्च

प्रवेश मोफत. दारातून आत गेल्यावर पहिला भाग अंधारा, जाड खांब आणि गोल कमानी. १०९६ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी याच कामाच्या दगडांना आशीर्वाद दिला. तसेच पुढे चालत जा. एकदम छत उंच होतं, भिंती जवळपास नाहीशा होतात आणि रंगीत काचांतून उजेड खाली पडतो. हा गॉथिक भाग तेराव्या-चौदाव्या शतकातला, उत्तरेच्या राजाची सत्ता आल्यानंतरचा. सत्ता बदलली की कमानीचा आकारही बदलतो, हे वीस पावलांत दिसतं. दुपारनंतर जा, तेव्हा पश्चिमेला कललेलं ऊन दक्षिणेच्या गोल खिडकीतून आत येतं.

खाण्याचं

इथला प्रसिद्ध पदार्थ कासुले. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, बदक, डुकराचं मांस आणि सॉसेज मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात. मांसाहारी असाल तर भुकेल्या पोटी खा आणि दोघांत एक मागवा. शाकाहारींनी "फक्त दाणे द्या" असं म्हणू नये, ते दाणे मांसाच्या रसातच शिजलेले असतात.

शाकाहारींना चालेल असं: गरम बकरी-चीज घातलेलं सॅलड, चीजची गालेत (कुट्टूच्या पिठाची घडी घातलेली धिरडी), भाज्यांचा पिझ्झा. मागवताना "सां व्ह्यांद, सां प्वासाँ, सां लार्दाँ" म्हणा, म्हणजे मांस, मासे आणि डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. तिसरा शब्द विसरू नका. माझ्या मावशीला "शाकाहारी आहे ना?" विचारून आणलेल्या सॅलडवर ते तुकडे पेरलेले निघाले होते. आणणाऱ्याच्या हिशेबी तो मसाला होता.

जेवायची वेळ पाळा. दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद असतं. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही, "युन काराफ दो, सिल व्हू प्ले" म्हटलं की नळाचं पाणी जेवणाबरोबर मोफत देतात. आणि कुठेही, अगदी दुकानात नुसतं पाहायला शिरतानाही, आधी "बाँझूर" म्हणा. ते न म्हणता प्रश्न विचारणं इथे उद्धटपणाचं समजतात. तो एक शब्द म्हटलात की उरलेलं खुणांनीही चालतं.

संध्याकाळ

सहा वाजले की बसगाड्या पर्यटकांना घेऊन जातात, दुकानांची दारं ओढली जातात. सितेच्या आत राहणारे लोक फारच थोडे. दरवाजे रात्रीही उघडेच असतात. मुक्काम असेल तर जेवून पुन्हा बाहेर पडा आणि दिवसा ज्या पट्ट्यातून प्रदक्षिणा घातलीत तिथे दिव्यांच्या उजेडात चाला. फुगीर दगडांच्या सावल्या तेव्हा उठून दिसतात, रोमन विटांचे पट्टे दुपारपेक्षा स्पष्ट होतात. आवाज फक्त आपल्या पावलांचा. आई इथे माझा हात धरून चालत होती आणि बराच वेळ बोलली नाही.

मुक्काम नसेल तर तुलूझकडे जाणारी शेवटची गाडी आधीच पाहून ठेवा, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ती लवकर असू शकते. ओद दरवाज्यानेच खाली उतरा. संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या तटावर असतं. जुन्या पुलावर पोचलात की मागे वळा. त्या वेळी सगळा कोट मधाच्या रंगाचा झालेला असतो. गाडीला चाळीस मिनिटं आहेत ना, एवढं घड्याळात पाहा. तीस चालायला लागतात, दहा इथे उभं राहायला.